बिन औषधाचे जेवण

गेल्या डिसेंबरात आमची नात बंगळूरहून सुटीसाठी ग्वाल्हेरास आली होती. एका रविवारी उपासनेहून परतल्यावर तिने जाहीर केले, "आजी, आज रात्री स्वयंपाकघर माझं. तुम्ही नुसतं बसायचं. मी सगळ्यांना पास्ता करून घालणार, आणि तोही पूर्ण ऑरगॅनिक!" आम्ही दोघे वृद्ध, मुलगा, सून, धाकटा नातू आणि ती स्वतः, अशी सहा माणसे. तिने बरोबर आणलेल्या पिशवीतून पाकिटे व बाटल्या बाहेर काढल्या. प्रत्येकीवर हिरवे पान छापलेले होते.

जेवण उत्तम झाले, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. हातात काटा धरताना आमची थोडी फजिती झाली, पण ताटात काही उरले नाही. प्रार्थना म्हणताना नातीने या अन्नाबद्दल आणि ते विषाशिवाय पिकविणाऱ्या हातांबद्दल आभार मानले, तेही आम्हांस आवडले.

भांडी घासायला येणारी बाई त्या रात्री उशिरा आली. तिच्यासाठी एक ताट काढून ठेवले होते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून जेवू लागली, आणि नात मोठ्या उत्साहाने तिला सांगू लागली की हे साधे अन्न नव्हे. यातला गहू, टोमॅटो, तेल, सगळे बिन औषधाचे आहे. आमच्याकडे शेतकरी कीटकनाशकाला औषध म्हणतो, हिंदीत दवाई म्हणतो. नातीनेही तोच शब्द वापरला. बाई हात थांबवून म्हणाली, "दवाई तर माझा माणूसच मारतो. मुरारच्या पलीकडे शेतांवर, रोजाने. रात्री घरी येतो तेव्हा डोळे लाल असतात, झोपू शकत नाही. हे खाल्लं तर त्याचे डोळे बरे होतील का?"

नातीला उत्तर देता आले नाही, आणि आम्हांलाही आले नाही. उरलेले थोडे डब्यात घालून तिला दिले. ती गेल्यावर सुनेने टेबल आवरताना पाकिटांवरच्या किमती सहज मिळवून पाहिल्या. अकराशे चाळीस रुपये झाले. त्या बाईला आमच्या घरी दोन वेळच्या भांड्यांचे महिन्याला बाराशे मिळत होते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. शुद्ध, निर्विष, पौष्टिक अन्न घरात शिजवावे आणि खावे, हे चांगलेच. पण ज्या अन्नाची एका वेळची किंमत शेजारच्या माणसाच्या महिन्याच्या मजुरीएवढी आहे, ते अन्न कोणत्या अर्थाने शुद्ध म्हणावे? वाचकांपुढे हा प्रश्न मांडण्यापूर्वी आम्ही त्याची होईल तेवढी चौकशी केली. ती येथे क्रमाने सांगतो.

परके अन्न की आपले?

पहिली शंका आम्ही म्हाताऱ्यांनीच काढली होती की, हे असले परदेशी खाणे हवे कशाला? ती शंका टिकली नाही. पास्ता म्हणजे काय? कठीण जातीच्या गव्हाचा रवा पाण्यात घट्ट मळावा, त्याला आकार द्यावा, वाळवावा, आणि खायच्या वेळी उकळत्या पाण्यात शिजवावा. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने वाळवलेला पास्ता याच कठीण गव्हाच्या रव्याचा असावा असे ठरवून दिले आहे. हा गहू पिवळसर, काचेसारखा कडक असतो. त्याचे पीठ भरडले की रवाळ निघते, आणि शिजवल्यावर त्याचा लगदा होत नाही.

आता हाच गहू महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जातो, आणि आमच्या ग्वाल्हेर-झाशीकडे त्याला कठिया म्हणतात. माळव्याच्या काळ्या जमिनीत तो पिढ्यान्‌पिढ्या होतो. पूर्वी पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवरच तो बहुतेक पिकत असे. ज्या मराठी कुटुंबांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आले आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे तळ दिल्यावर लष्करचे रहिवासी झाले, त्यांच्या घरी उन्हाळ्यात काय होत असे? खाटेच्या दांडीला पितळी यंत्र आवळून शेवया पाडल्या जात. आया-मावशा मांडीवर पाट घेऊन गव्हले, मालत्या, नखुले वळत बसत. वरणात चकोल्या सोडल्या जात. आकार निराळे आणि नावे निराळी, परंतु गहू तोच व युक्तीही तीच. म्हणून आमच्या नातीने परक्याची नक्कल केली असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या आजीने जे टाकून दिले होते तेच ती दामदुप्पट किमतीने पाकिटातून विकत घेऊन आली, इतकेच.

शुद्धतेचा शिक्का

दुसरी गोष्ट त्या हिरव्या पानाची. ऑरगॅनिक, म्हणजे आता सरकारी भाषेत जैविक किंवा सेंद्रिय, याचा अर्थ कारखान्यातील रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पिकविलेले. आपल्या देशात यासाठी राष्ट्रीय नियम आहेत. गहू, भाजी यांसारख्या हंगामी पिकांच्या शेताला साधारण दोन वर्षे त्या नियमांनी शेती करून दाखवावी लागते; त्यानंतरच त्या मालाला पूर्ण जैविक म्हणता येते. २०१७ सालच्या नियमांनंतर 'जैविक भारत' हे चिन्ह आले. लहान शेतकऱ्यांना संस्थेकडून तपासणी करून घेण्याचा खर्च झेपत नाही, म्हणून त्यांनी गट करून एकमेकांची शेते पाहावीत व एकमेकांची हमी द्यावी, अशीही एक सरकारी पद्धत आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या खरेपणाची साक्ष द्यावी, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटली.

आणि ही शेती कोठून तरी दुरून आलेली नाही. १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांची पत्नी गॅब्रिएल यांनी इंदूरला वनस्पती-संशोधनाची एक संस्था सुरू केली. हॉवर्ड मूळचे सरकारी शास्त्रज्ञ. परंतु हिंदी शेतकऱ्याला शिकवायला आलो आणि त्याच्याकडूनच शिकलो, अशी त्यांची वृत्ती होती. शेतातील काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुतारीची माती आणि राख यांचे थर देऊन, ओल राखून, वेळोवेळी खालीवर केले की सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते. ही रीत जगभर 'इंदूर पद्धती' या नावाने गेली. १९३१ साली त्यांनी या विषयावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यावर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. जगातील सेंद्रिय शेतीच्या मुळाशी इंदूरचे शेण आणि एका मराठी माणसाचे परिश्रम आहेत, हे आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहितो. ज्या आवारात ते काम झाले तेथे पुढे कृषी महाविद्यालय झाले, आणि ते आज २००८ साली स्थापन झालेल्या आमच्या ग्वाल्हेरच्याच कृषी विद्यापीठाखाली आहे. तसेच, अलाहाबादजवळ नैनीला शेतकी शाळा काढणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी सॅम हिगिनबॉटम यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ग्वाल्हेर संस्थानच्या शेतीखात्याचेही काम पाहिले होते. नांगर आणि मातीचा प्रश्न हा आत्म्याच्या प्रश्नाहून वेगळा काढता येत नाही, असे मानणारी माणसे आमच्याच गावात वावरून गेली आहेत.

पण याने अधिक पोषण होते काय?

येथे खरे बोलले पाहिजे. नातीचा समज असा होता की जैविक गव्हात सत्त्व अधिक असते. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यांनी त्याआधीच्या शेकडो अभ्यासांची छाननी केली. जैविक अन्नात जीवनसत्त्वे ठळकपणे अधिक असतात असा पुरावा त्यांस आढळला नाही. मात्र कीटकनाशकांचा अंश त्यात कमी वेळा सापडतो, एवढे दिसून आले. म्हणजे ज्या गरीब आईने दाल बाजारातून साधा गहू आणला, निवडला, दळला आणि मुलांना गरम पोळी वाढली, तिने मुलांचे पोषण कमी केले असे कोणीही म्हणू नये.

दुसरीही बाजू आहे. आमच्या पिढीने रेशनच्या दुकानासमोर परदेशी गव्हासाठी रांगा लावल्या आहेत. १९६४-६५ साली देशाचे गव्हाचे पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास होते. १९७०-७१ पर्यंत ते दोन कोटी टनांच्या बरेच पुढे गेले. त्यात नव्या बियाण्यांचा, पाटबंधाऱ्यांचा आणि रासायनिक खतांचाही वाटा होता. ज्याने उपास पाहिला आहे त्याला हे विसरता येत नाही. अलीकडे, २०२१ साली श्रीलंकेच्या सरकारने एका हुकमासरशी रासायनिक खतांची आयात बंद केली. शेतकऱ्यांची तयारी नव्हती, पुरेसे सेंद्रिय खत नव्हते. भाताचे पीक घसरले, आणि काही महिन्यांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. माती सुधारायला वर्षे लागतात, आणि शेतकऱ्याला वेळ व आधार न देता त्याच्यावर शुद्धता लादली तर ती उपासमार होऊन बसते.

तेव्हा, "जैविक खाणारा शहाणा आणि बाकीचे अडाणी" हा विचार आम्ही प्रथम बाजूस ठेवला. अन्नाच्या शुद्धतेचा गर्व हे फार जुने दुखणे आहे. या देशात तर त्या गर्वाने माणसांना शेकडो वर्षे पंगतीबाहेर बसविले. आमच्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी तो अपमान सोसला आहे. त्याच घरांतून आता नव्या सोवळ्याची सुरुवात व्हावी, पाकिटावरच्या हिरव्या पानाने कोणाचे ताट उच्च आणि कोणाचे नीच ठरावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

विष प्रथम कोणाला लागते?

मग हा खटाटोप सोडून द्यावा काय? येथे आमच्या बाईचा प्रश्न पुन्हा आठवतो. तिने विचारले होते की, हे खाल्ल्याने माझ्या माणसाचे डोळे बरे होतील का? आम्ही तो प्रश्न भाबडा म्हणून मनातल्या मनात हसण्यावारी नेला होता. विचार करता करता कळले की त्या खोलीत खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

आमच्या ताटात विषाचा अंश येतो तो धुऊन, शिजवून, अगदी थोडा उरलेला. फवारणाऱ्याच्या अंगावर ते विष ताजे पडते. तो पाठीवर पंप बांधून, पायात चप्पल घालून, तोंडाला फार तर गमछा गुंडाळून वाऱ्यात उभा असतो. २०१७ साली विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेकडो माणसे इस्पितळात गेली. कित्येकांची दृष्टी काही काळ अधू झाली. ही माणसे निर्विष अन्नाच्या अभावी मेली नाहीत. दुसऱ्यांच्या बाजारासाठी विष हाताळताना मेली.

या दृष्टीने पाहिले की जैविक अन्नाचा सर्व अर्थच बदलतो. "माझ्या पोटात विष जाऊ नये" हे त्याचे लहान कारण झाले. "माझ्या जेवणासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांत विष जाऊ नये" हे मोठे कारण. पहिले कारण स्वार्थाचे आहे. स्वार्थ वाईटच असतो असे नाही. आपल्या लेकरांची काळजी घेणे हाही धर्म आहे. पण पहिल्या कारणासाठी कोणी दुप्पट पैसे दिले तर ते त्याने स्वतःसाठी केलेली खरेदी ठरते. त्यात पुण्य मानण्याजोगे काही नाही. दुसऱ्या कारणासाठी दिले तर मात्र आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे, आणि तीच अवघड आहे: ते जादा पैसे त्या मजुरापर्यंत, त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात काय?

आमचा स्वतःचा हिशेब

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. ज्या रविवारी नातीची अकराशे रुपयांची पाकिटे फुटली, त्याच्या आदल्या शनिवारी आम्ही स्वतः मंडईत एका म्हातारीकडून मेथीच्या चार जुड्या घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस केली होती. ती सांगत होती की भाजी तिच्या घरामागच्या वाफ्यातली आहे, शेणखतावरची आहे. आम्ही म्हणालो, "सगळे असेच सांगतात," आणि पाच रुपये कमी देऊन विजयी मुद्रेने घरी आलो. दुकानात मात्र छापील किमतीपुढे आमचा शब्द फुटत नाही. छापील किमतीला आम्ही सत्य मानतो आणि म्हातारीच्या शब्दाला खोटे.

उलट बाजूही अनुभवली आहे. दोन वर्षांमागे एका दुकानातून जैविक म्हणून महाग गहू आणला होता. पोते उघडल्यावर आत धान्याला लावायच्या विषारी गोळीची पुडी मिळाली. तेव्हा शब्दावर भोळेपणाने विसंबावे असेही आम्ही सांगत नाही. पण पाकिटामागे माणूस दिसत नाही, आणि मंडईत माणूस समोर बसलेला असतो. त्याचे शेत कोठे आहे, कधी येऊन पाहू, असे विचारता येते. आम्ही कधी विचारले नव्हते.

करिंथच्या मंडळीत एकत्र जेवणाच्या वेळी काय होत असे हे शास्त्रात वाचलेच आहे. धनवान लवकर येऊन आपापले डबे उघडून खात, आणि दिवसभर राबून उशिरा येणाऱ्या दासांना काही उरत नसे. पौलाने त्यांना अन्न कसले होते हे विचारले नाही. कोण उपाशी राहिले हे विचारले. याकोबानेही आपल्या पत्रात शेत कापणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीचा आवाज देवाच्या कानी जातो असे बजावले आहे. आमच्या घरात उशिरा आलेली, उंबऱ्याशी बसून जेवलेली बाई आठवली, आणि हे उतारे इतकी वर्षे आम्ही दुसऱ्यांसाठी वाचीत होतो असे वाटले.

दुसरे जेवण

नात परत जाण्यापूर्वी आम्ही सर्वांनी मिळून ठरविले की तेच जेवण पुन्हा करावे, पण या वेळी निराळ्या रीतीने. ते कसे केले हे भगिनींच्या उपयोगासाठी सांगतो.

मंडळीतील एका कुटुंबाच्या ओळखीने शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याकडून कठिया गहू आणला. तो दोन एकरांत शेणखतावर घरापुरता व थोडा विकायला कठिया करतो. त्याच्याकडे शिक्का नाही. पण आम्ही त्याचे शेत पाहिले, उकिरडा पाहिला, आणि त्याने सांगितलेला भाव न घासता दिला. गहू निवडून चक्कीवर जाडसर दळून आणला आणि चाळून कोंड्याचा मोठा भाग वेगळा केला. सात-आठ माणसांना पाऊण किलो पीठ पुरले. चिमूटभर मीठ घालून निम्म्याहून थोड्या कमी पाण्यात पीठ घट्ट मळले आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवले. माळ्यावरचे पितळी शेवयांचे यंत्र चिंचेने घासून काढले. थोड्या पिठाच्या जाड शेवया पाडल्या; उरलेल्याच्या पोळ्या लाटून सुरीने पट्ट्या कापल्या. धाकट्या नातवाने गव्हले वळण्याचा प्रयत्न केला. त्याचे गव्हले हरभऱ्याएवढे झाले, पण तेही शिजले.

हिवाळ्यात ग्वाल्हेरास टोमॅटो स्वस्त आणि चवदार असतात. दीड किलो टोमॅटो उकळत्या पाण्यात घालून सोलले. घाणीच्या तिळाच्या तेलात लसणाच्या दहा-बारा पाकळ्या मंद आचेवर परतल्या. लसूण लाल होऊ दिला नाही, नाही तर कडू होतो. त्यात टोमॅटो, मीठ, थोडी मिरपूड घालून पाणी आटेपर्यंत अर्धा तास शिजू दिले. शेवटी मटार व चिरलेला पालक, आणि कुंडीतील सब्ज्याची चार पाने. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याला उकळी आणून त्यात मीठ घातले आणि ताज्या पट्ट्या तीन-चार मिनिटे शिजवल्या. त्यातले वाटीभर पाणी रस्शात घातले की रस्सा पट्ट्यांना धरून राहतो, ही युक्ती नातीची. चीजऐवजी लिटरभर दूध नासवून केलेले पनीर कुसकरले.

सर्व मिळून दोनशे ऐंशी रुपये खर्च आला. चव पहिल्याहून थोडी निराळी, गव्हाच्या वासाची. आमच्या मते अधिक चांगली. नातीच्या मते पट्ट्या जरा जाड झाल्या.

बाई व तिचा नवरा यांना आम्ही जेवायला बोलाविले. तो आधी येईना. आला तेव्हा टेबलाशी बसायला कचरला, मग बसला. फारसे बोलला नाही. पट्ट्यांबरोबर त्याने एक पोळी मागून घेतली. आम्ही त्याच्यासाठी डोळ्यांचा चष्मा, रबरी हातमोजे आणि तोंडाचा मुखवटा आणून ठेवला होता. त्याने ते हातात घेऊन पाहिले आणि सरळ सांगितले, "चष्मा घालीन. मुखवटा उन्हात घालवत नाही, जीव गुदमरतो. आणि मालक म्हणतो, एवढा वेळ लावशील तर दुसरा माणूस बघतो."

बाईच्या पगाराचा हिशेबही त्या आठवड्यात नव्याने केला. पहिल्या व दुसऱ्या जेवणाच्या खर्चात जो फरक पडला, तेवढी वाढ तिच्या महिन्याच्या पगारात आम्ही केली. हे सांगण्यात बढाई नाही; ती वाढ फार पूर्वी द्यावयास हवी होती, आणि ती देण्यासाठी आमच्या घराला एका पाकिटाची गरज पडली, हे लाजिरवाणेच आहे.

शिक्षकांना एक विनंती

प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. तो माणूस या हंगामातही फवारणीस जातो. ज्या शेतावर तो जातो तेथे मालकही कर्जात आहे, आणि दोन वर्षे कमी पीक सोसण्याची त्याची ऐपत नाही. आमच्या सात-आठ माणसांच्या जेवणाने त्यात काही बदलले नाही. परंतु आमच्या मंडळीतील सहा घरांनी मिळून त्या कठिया पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या सालच्या गव्हाचे थोडे पैसे आगाऊ दिले आहेत, आणि त्याने आणखी एक एकर त्या रीतीने करायचे ठरविले आहे. त्या एका एकरावर कोणी पाठीला पंप बांधून उभा राहणार नाही. एवढेच आमच्या हाती लागले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना दानीएलाची गोष्ट सांगताना, राजाचे पक्वान्न सोडून डाळभाजी खाणाऱ्या त्या तरुणांचे तेज सांगावेच. पण त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा: आज तुझ्या डब्यात जे आहे ते कोणी पेरले, कोणी कापले, कोणी फवारले, कोणी शिजवले, आणि ज्या भांड्यात शिजले ते कोण घासणार आहे? मुलांना त्यांतली किती माणसे नावाने सांगता येतात ते पाहावे. आम्ही आमच्या नातवाला विचारले तेव्हा त्याला एकही नाव सांगता आले नाही. मग आम्ही स्वतःशी मोजले, तर भांडी घासणाऱ्या बाईच्या नवऱ्याचे नाव, ती चार वर्षे घरी येत असूनही, आम्हांला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हते.

आता माहीत आहे. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत ते आम्ही घेतो.